कॅडमध्ये अडलेली चाळणी, उलटी फिरणारी मोटर : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात कॅड असेंब्लीवरचीच (संगणकावर पार्ट जोडून मशीन उभं करण्यावरचीच) पत्रं इतकी आली की वेल्डिंगचे आणि मटेरियलचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. ज्यांनी सोबत फाइल पाठवली त्यांना नेमकं उत्तर देता आलं. ‘एरर येते, काय करू?’ एवढ्यावरून मात्र काहीच कळत नाही. निदान मेटच्या (पार्ट एकमेकांना जोडणाऱ्या अटींच्या) यादीचा फोटो जोडत जा.

प्रश्न : ताई, आम्ही डाळमिलच्या मशिनरी बनवतो. चाळणीची असेंब्ली सॉलिडवर्क्समध्ये केली आहे. चाळणी चार पट्ट्यांवर लटकते आणि एक्सेंट्रिक शाफ्ट व कनेक्टिंग रॉडने पुढे-मागे हलते. एक्सेंट्रिक 8 मिमी, पट्टीच्या पिनांमधलं अंतर 320 मिमी. चौथ्या पट्टीची पिन लावली की सगळी यादी लाल होते, ‘ओव्हर डिफाइन्ड’ (बंधनं जास्त झाली) येतं. पट्टी काढली तर एरर जाते, पण चाळणी तरीही जागची हलत नाही. मुलगा म्हणतो सॉफ्टवेअर परत टाकू. टाकू का?
— एक कारखानदार, जळगाव एमआयडीसी

उत्तर : दादा, सॉफ्टवेअरला हात लावू नका. तुमची फाइल उघडून पाहिली. त्यात दोन वेगळे दोष एकमेकांत अडकले आहेत, म्हणून एक काढला तरी दुसरा धरून ठेवतो.

आधी चाळणी का हलत नाही ते पाहू. यादीत ‘डिस्टन्स 3’ नावाचा मेट आहे. चाळणीचा तळ आणि फ्रेमचा खालचा चॅनल यांत 410 मिमी अंतर कायम ठेवणारा. तो का दिला हे मला समजतं. चालू मशीनकडे पाहिलं तर चाळणी अगदी सरळ रेषेत जाते असं दिसतं, मग उंची पक्की करून टाकावी असं कोणालाही वाटेल. पण चाळणी पट्ट्यांवर लटकलेली आहे, तेव्हा ती कमानीतच जाणार. हिशेब करा. 320 मिमीच्या उभ्या पट्टीचं खालचं टोक 8 मिमी बाजूला गेलं की पट्टी साधारण 1.4 अंश तिरपी होते आणि टोक 0.1 मिमी वर उचललं जातं. एक दशांश मिलिमीटर! शॉपमध्ये हे कुणाला दिसणारही नाही, पिनेच्या ढिलाईतच जिरून जाईल. कॅडमध्ये ढिलाई नावाची गोष्टच नसते. तुम्ही 410 सांगितलं म्हणजे 410.000. पट्ट्या म्हणतात 410.1 हवं. दोघांचंही ऐकायचं तर चाळणीला एकच वाट उरते, जागेवर उभं राहायचं. ‘डिस्टन्स 3’ काढा, चाळणी लगेच हलेल.

आता चौथी पट्टी. घराच्या दाराला सुतार तीन बिजागऱ्या मारतो. गणिताने एकच पुरते, बाकी दोन जास्तीच्या. तरी दार फिरतं, कारण लाकूड थोडं दबतं, स्क्रू थोडा सरकतो. संगणकातलं दार दबत नाही. तिन्ही बिजागऱ्यांच्या पिना एका रेषेत तंतोतंत असतील तरच फिरेल, नाहीतर एरर.

तुमच्या चौथ्या पट्टीचं तेच झालं आहे. तीन पट्ट्या एकाच पार्ट फाइलच्या कॉपी आहेत, चौथी ‘मिरर’ करून वेगळी सेव्ह केलेली. तिच्यातली भोकं 319.5 मिमीवर आहेत. कधीतरी एकात सुधारणा झाली आणि दुसरीत राहून गेली असणार. प्रत्यक्षात रबर बुश हा अर्धा मिमी गिळून टाकतो, म्हणून तुमची आधीची मशीन बिनतक्रार चालत असतील. पण ड्रॉइंग त्याच फाइलमधून निघणार आहे. ती पट्टी दुरुस्त करा, किंवा चारही ठिकाणी एकच पार्ट वापरा.

ती 320 ची केली की लाल रंग जाईल. तरी मी चारही पट्ट्यांना वर-खाली पूर्ण पिन-मेट देणार नाही. का, ते थोडं सविस्तर सांगते, कारण सगळ्या लिंकेजच्या (पिनांनी जोडलेल्या दांड्यांच्या) मशीनना हे लागू पडतं.

मोकळ्या पार्टला सहा हालचाली असतात : तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. बिजागरीसारखा जोड, म्हणजे एक कॉन्सेंट्रिक (अक्षावर अक्ष) आणि एक फेसचा कोइन्सिडंट (फेसला फेस चिकटलेला), त्यातल्या पाच काढून घेतो आणि फिरणं तेवढं ठेवतो. फक्त दोन पट्ट्या आणि चाळणी घ्या. तीन हलते पार्ट म्हणजे 18 हालचाली. चार पिना, प्रत्येकी पाच, म्हणजे 20 बंधनं. 18 मधून 20 गेले, उणे 2. हालचाल तर आपल्याला एक हवी आहे. म्हणजे तीन बंधनं जास्तीची. सगळ्या पिना समांतर आणि सगळी मापं बरोबर असतील तोवर सॉफ्टवेअर ही जास्तीची बंधनं निमूट चालवून घेतं. एका फेसला अर्ध्या मिमीचा फरक पडला की भांडण सुरू.

म्हणून असं करा. एका बाजूच्या दोन पट्ट्या घ्या. दोघींच्या वरच्या पिना पूर्ण बिजागरी : पाच आणि पाच. पहिल्या पट्टीची खालची पिन फक्त कॉन्सेंट्रिक : चार. दुसऱ्या पट्टीच्या खाली पिनेचा मध्यबिंदू आणि चाळणीच्या बुशचा मध्यबिंदू एकमेकांवर : तीन. बेरीज 17, उरली एक हालचाल. समोरच्या बाजूच्या पट्ट्यांना वरची बिजागरी द्या आणि पहिल्या पट्टीशी ‘पॅरलल’ करा, खाली काहीही जोडू नका. चाळणी हलली की त्या सोबत हलतील. कनेक्टिंग रॉडलाही हाच हिशेब : मोठं टोक एक्सेंट्रिकवर फक्त कॉन्सेंट्रिक, लहान टोकाला बिंदूवर बिंदू.

नुसता व्हिडिओच दाखवायचा असेल तर एवढं सोवळं पाळलं नाही तरी चालतं, हे खरं. पण तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलं आहे की पुढे मोशन अॅनालिसिस (हालचालीतल्या बलांचं गणित) करून पिनेवरचा लोड काढायचा आहे. तिथे मात्र हे पाळाच. जास्तीची बंधनं असली की सॉल्व्हर त्यातली काही आपल्या मनाने वगळतो. मग एका पिनेवर सगळा भार आणि शेजारचीवर शून्य असे आकडे येतात. ते पाहून कुणी पिन बारीक केली तर मशीन गिऱ्हाइकाकडे तुटेल. रबर बुशचं खरं वागणं हवं असेल तर त्या जोडाला बुशिंग म्हणून कडकपणाचा आकडा देता येतो.

आणखी एक. लाल यादीत जे मेट दिसतात ते सगळेच गुन्हेगार नसतात. एकमेकांत गुंतलेले सगळेच सॉफ्टवेअर लाल करतं. एकेक काढून पाहण्यात दुपार जाते. अर्धे सप्रेस (तात्पुरते बंद) करा. एरर गेली तर दोष त्या अर्ध्यात, नाही गेली तर उरलेल्यात. पुन्हा अर्धे. लवकर सापडतं. सापडलेल्या मेटला विचारा की मशीनवर तुझं काम कोणता बोल्ट, कोणती पिन, कोणतं बेअरिंग करतंय. ‘डिस्टन्स 3’चं काम तुमच्या मशीनवर कुणीच करत नव्हतं.

प्रश्न : मॅडम, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट केळीच्या खोडापासून धागा काढायच्या यंत्राचं आहे. माउसने ड्रम फिरवायला गेलो की ड्रम जागेवर आणि फ्रेमच गोल फिरते. फ्रेम फिक्स केली तर ड्रम फिरतच नाही. दोन्ही फीड रोलर एकाच दिशेने फिरतात, ते वेगळंच. पुढच्या आठवड्यात प्रेझेंटेशन आहे.
— विद्यार्थी, धुळे

उत्तर : विषय चांगला निवडलास. रावेर-यावलकडे घड उतरल्यावर शेतात केवढी खोडं पडून राहतात ते आपण सगळेच पाहतो.

तुझ्या असेंब्लीच्या झाडात, म्हणजे पार्टच्या यादीत, नावांपुढे बघ. मोटरपुढे (एफ) आहे आणि फ्रेमपुढे वजाचं चिन्ह. असेंब्लीत जो पार्ट पहिला टाकतो तो आपोआप फिक्स होतो, आणि तू मोटर पहिली टाकलीस. म्हणजे मोटर जमिनीला रोवलेली आणि बाकी जग तिच्याभोवती मोकळं. मोटर फ्लोट (मोकळी) कर, फ्रेम फिक्स कर. त्याहून चांगलं म्हणजे फ्रेमचे तीन प्लेन असेंब्लीच्या तीन प्लेनशी जुळव.

मग ड्रम का थांबतो? कारण तू ड्रम, शाफ्ट, पुली आणि दोन्ही पेडेस्टल बेअरिंग मिळून एक सब-असेंब्ली केली आहेस. वरच्या असेंब्लीत सब-असेंब्ली एकसंध ठोकळा म्हणून येते. बेअरिंगचं घर फ्रेमला बोल्टने जोडलंस की त्याच ठोकळ्यातला ड्रमही जोडला गेला. गुणधर्मांत जाऊन ती ‘फ्लेक्झिबल’ केलीस तर ड्रम फिरेल, आज रात्रीपुरतं ते कर. पण प्रोजेक्टनंतर निवांत बसून सब-असेंब्ली परत बांध. जे एकत्र हलतं ते एका गटात : शाफ्ट, ड्रम, पाती, पुली, चावी. बेअरिंगची घरं फ्रेमच्या गटात. खरेदीच्या यादीप्रमाणे गट पाडायची सवय पुष्कळ ठिकाणी आहे, मी स्वतः ती कुणाला लावून देत नाही, कारण हालचाल दाखवायची वेळ आली की सगळं उसवावं लागतं.

रोलरचं सोपं आहे. गिअर मेटमध्ये ‘रिव्हर्स’ची टिक असते, ती बदल. मात्र गिअर मेटला फक्त गुणोत्तर कळतं, दाते कळत नाहीत. आधी हाताने दात खाचेत बसव आणि मग मेट दे, नाहीतर परीक्षक झूम करतील तेव्हा दातात दात घुसलेले दिसतील. बोल्ट माउस लागताच गरगर फिरत असतील तर त्यांच्या कॉन्सेंट्रिक मेटमध्ये ‘लॉक रोटेशन’ कर.

सगळं झाल्यावर लगेच मोशन स्टडीत (टाइमलाइनवरच्या अॅनिमेशनमध्ये) पळू नकोस. आधी माउसने ड्रमची पुली धरून हळू एक पूर्ण फेरा दे. माउसने जे फिरत नाही ते टाइमलाइनवरही फिरणार नाही.

प्रश्न : असेंब्ली हाताने नीट फिरते, पण मोशन स्टडीत प्ले केलं की काहीच हलत नाही. मधूनच कॅमेराही आपोआप वळतो.
— डिझायनर, शिरपूर

उत्तर : मोटर लावताना शाफ्ट सरळ दिसावा म्हणून तुम्ही एक अँगल मेट 0 अंशाला दिला होता. हाताने फिरवताना तो सप्रेस होता आणि मोशन स्टडीत चालू आहे. स्टडीत मेटची अवस्था वेगळी राहू शकते, हे ध्यानात ठेवा. तिथल्या मेटच्या यादीत जाऊन शून्य सेकंदालाच तो सप्रेस करा. कॅमेऱ्यासाठी ‘ओरिएंटेशन अँड कॅमेरा व्ह्यूज’वर राइट क्लिक करून ‘व्ह्यू की’ (टाइमलाइनवर पडणाऱ्या कॅमेऱ्याच्या खुणा) तयार होणं बंद करा, आणि आधी नकळत पडलेल्या खुणा पुसून टाका.

प्रश्न : गिऱ्हाइकाला पाठवायच्या व्हिडिओत मोटर 1440 आरपीएम दिली, दिशा बरोबर आहे, तरी पुली उलटी आणि अगदी सावकाश फिरताना दिसते. मोठी पुली सरळ फिरते. बेल्टचा मेट चुकला का?
— फॅब्रिकेटर, भुसावळ

उत्तर : मेट बरोबर आहे. तुमचा व्हिडिओ सेकंदाला 25 चित्रांचा आहे. 1440 आरपीएम म्हणजे सेकंदाला 24 फेरे. दोन चित्रांच्या मधे पुली 345.6 अंश फिरते. डोळ्याला ती पूर्ण फेऱ्याला 14.4 अंश कमी पडलेली दिसते, म्हणजे 14.4 अंश मागे. सेकंदभरात हे बरोबर एक उलटा फेरा होतो. चित्रं 24 ठेवली असती तर पुली चक्क थांबलेली दिसली असती.

व्हिडिओसाठी खरा वेग ठेवायची गरज नसते. मोटर 30 आरपीएमला आणा, गुणोत्तरं तशीच राहू द्या. मग दोन चित्रांत 7.2 अंश, अगदी गुळगुळीत. खाली एक ओळ टाका की वेग समजण्यासाठी कमी केला आहे. गिऱ्हाइकाला हे न सांगणं मला पटत नाही, उद्या तो घड्याळ लावून उत्पादनाचा हिशेब करेल.

प्रश्न : इन्व्हेंटर या कॅड सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं टिपिंग केलं. ड्राइव्ह केलं (हालचाल चालवून पाहिली) की हायड्रॉलिकचा रॉड सिलिंडरमधून पूर्ण बाहेर निघून हवेत जातो, आणि कधी कधी ट्रॉली चॅसीच्या खाली उलटते.
— वर्कशॉपवाले, चोपडा

उत्तर : भाऊ, रॉड आणि सिलिंडरच्या सरकण्याला मर्यादा दिलेली नाही. त्या कन्स्ट्रेंटमध्ये (इन्व्हेंटरमधला मेट) किमान 0 आणि कमाल तुमचा स्ट्रोक, म्हणजे 600 मिमी, टाका. कॉन्टॅक्ट सॉल्व्हर लावूनही रॉड अडवता येतो, पण फाइल जड होते. मर्यादा पुरते.

दुसरं, तुम्ही ट्रॉलीचा कोनही ड्राइव्ह करताय आणि स्ट्रोकही. एकच करा. पंप स्ट्रोक देतो, कोन हा त्याचा परिणाम आहे, तेव्हा स्ट्रोक ड्राइव्ह करा आणि कोन मोजून घ्या. उलटण्याचं कारण अँगल कन्स्ट्रेंटला बाजू कळत नाही हे आहे. कोन ठेवायचाच असेल तर ‘एक्स्प्लिसिट रेफरन्स व्हेक्टर’चा प्रकार निवडा. ड्राइव्हच्या खिडकीत टक्कर ओळखायची टिक आहे, ती लावून एकदा चालवा. सिलिंडरही आपल्या खालच्या पिनेवर झुलतो आणि आडव्या चॅनलला घासतो का, ते तिथेच कळेल.

प्रश्न : मिरची पावडरच्या पाकिटांना पुढे ढकलणारा हात फोर-बारने (चार लिंकच्या जोडणीने) केला आहे. क्रँक (फिरणारी लिंक) 60, कपलर (मधली जोडणारी) 150, रॉकर (झुलणारी) 90, दोन स्थिर पिनांमधलं अंतर 110 मिमी. क्रँक 335 अंशांजवळ जाऊन अडकते आणि एरर येते. रॉकर 105 केला तर फिरते. तोच ठेवू का?
— मशीन बनवणारा वाचक, नंदुरबार

उत्तर : ठेवू नका. का, ते दोन टप्प्यांत.

आधी अडकण्याचं कारण. 19व्या शतकातले जर्मन अभियंते फ्रांझ ग्रासहोफ यांचा नियम असा की सर्वांत लहान आणि सर्वांत लांब लिंकची बेरीज उरलेल्या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त असेल तर कुठलीच लिंक पूर्ण फेरा घेणार नाही. तुमचे 60 आणि 150 मिळून 210, तर 90 आणि 110 मिळून 200. जमत नाही. क्रँक रॉकरच्या पिनेकडे तोंड करू लागते तेव्हा तिचं टोक त्या पिनेपासून 60 मिमीपेक्षा जवळ येतं, आणि 150 व 90 च्या लिंक तेवढ्या मिटू शकत नाहीत. बरोबर त्या रेषेच्या अलीकडे 24 अंशांवर गाडी थांबते, म्हणजे तुमचे 335-336. इथे मेट बदलून उपयोग नाही, लोखंडातही ती तिथेच थांबली असती.

105 केल्यावर बेरीज 215 होते आणि क्रँक फिरते. फिरते ती पडद्यावर. क्रँक त्या पिनेकडे सरळ रेषेत येते तेव्हा कपलर आणि रॉकर यांच्यातला कोन जेमतेम 10 अंश उरतो. तिथे कपलरचा सगळा जोर रॉकरला फिरवण्याऐवजी त्याच्या पिनेला ताणण्यात जातो. पिन झिजेल, थोडी पावडर साचली की हात अडेल. हा कोन 40 च्या खाली जाऊ देऊ नये असं आम्ही धरून चालतो. अॅनिमेशन यातलं काहीच दाखवत नाही, कारण त्यात घर्षण नाही. आमच्या शॉपमधले अमळनेरकडचे फिटर काका स्क्रीनवर काहीही फिरताना दिसलं तरी जागा दाखवून विचारतात, “हाई फिरी का?” त्यांच्या बोटाखाली नेमका असाच कोन असतो.

क्रँक 40, कपलर 100, रॉकर 100, स्थिर अंतर 110 करून पाहा. 40 आणि 110 मिळून 150, बाकीचे 200, फेरा पूर्ण. कपलर-रॉकर कोन 41 ते 97 अंशांत राहतो आणि रॉकर साधारण 50 अंश झुलतो. पाकीट ढकलायला तेवढा झोका कमी वाटला तर हात लांब करा, लिंकेजला हात लावू नका. आणि रॉकरच्या दोन्ही टोकांच्या जागा काढून मला पुन्हा कळवा, कन्व्हेयरच्या पट्ट्यावर पाकीट किती अंतरावर येतंय त्यावरून क्रँकचा वेग ठरवता येईल.

प्रश्न : महागडं सॉफ्टवेअर परवडत नाही. घरी सराव कशावर करू?
— आयटीआय विद्यार्थिनी, पारोळा

उत्तर : फ्रीकॅड घे, फुकट आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली, तेव्हापासून असेंब्लीचं वर्कबेंच (त्या कामाचा विभाग) त्यातच मिळतं, वेगळं काही जोडावं लागत नाही. तिथे मेटऐवजी जॉइंट असतात : फिक्स्ड, रिव्होल्यूट, सिलिंड्रिकल, स्लायडर, बॉल. सुरुवातीला हे बरं पडतं, कारण एका पिनेला एकच जॉइंट द्यायचा असतो. पहिला पार्ट ‘ग्राउंड’ करायला विसरू नकोस. वरचा नंदुरबारचा फोर-बार चार पट्ट्यांचा आहे, सरावाला तोच काढ, आधी अडकणारी मापं घालून आणि मग सुधारलेली.